पराते काकांचं फिरतं स्टूल

पराते काका फुटबॉलची मॅच पाहायला स्वतःचं स्टूल घेऊन येतात. तसे स्टूल आणणारे पुष्कळ असतात हो, पण काकांचं स्टूल फिरतं आहे. पूर्वी डॉक्टर लोक पेशंटला बसवायचे ना, तसलं. कबाड्याकडे धूळ खात पडलं होतं. काकांनी ते उचलून आणलं, तेल घातलं, मैदानाच्या कडेच्या ओट्यावर मांडलं आणि वर बसून एक गिरकी घेतली. "जमते," म्हणाले.

या गिरकीचं कारण मोन्या. मोन्या आमच्या मोहल्ल्याच्या टीमचा फॉरवर्ड. त्याच्या पायात चेंडू आला रे आला, की काका गर्रकन फिरतात आणि मैदानाकडे पाठ करून कंपाउंडच्या भिंतीवरची कोचिंग क्लासची जाहिरात वाचत बसतात. चेंडू मोन्याकडून गेला, की पुन्हा गर्रकन मैदानाकडे. मागच्या लोकांना पुढच्यांच्या डोक्यांमुळे काही दिसत नाही, तेव्हा ते काकांवरूनच मॅच समजून घेतात. "फिरले, फिरले! मोन्याजवळ गेला बे!"

आणि हे सगळं चालू असताना काका भिंतीकडे तोंड करून मला विचारतात, "सर, काय केलं त्या बयताडानं?"

सर म्हणजे मी, काकांचा शेजारी. शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे माझी भाषा जरा इस्त्रीची आहे. बयताड म्हणजे आमच्याकडे अर्धवट, खुळा. मी सांगतो, "काका, दोघांना चकवलं." काका म्हणतात, "अन् तिसऱ्याच्या गळ्यात नेऊन टाकला असन." बहुतेक वेळा तसंच झालेलं असतं.

मोन्याचं सगळं असंच आहे. डावा पाय असा, की बघत राहावं. एखाद्या मॅचमध्ये निम्म्या टीमला झुलवत नेईल आणि गोलकीपरला कळायच्या आत चेंडू जाळीत. पुढच्या मॅचमध्ये मोकळा गोल समोर, गोलकीपर जमिनीवर लोळतोय, आणि आमचा मोन्या चेंडू थेट मैदानाबाहेरच्या नाल्यात घालणार. मग काही मॅचेस बारशाला आल्यासारखा नुसता इकडेतिकडे फिरेल.

मैदानाच्या फाटकाशी गजूची चहाची टपरी आहे. तिथे रोज संध्याकाळी मोन्याच्या फॉर्मवर चर्चा भरते. एका बाजूला सिराजभाई. टायरचं दुकान चालवतात, मूळचे कामठीचे, म्हणजे फुटबॉल बाळकडूतच. "लड़के में हुनर है पराते साब, उसको टाइम दो," हे त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला एकटे काका.

"टाइम? टाइम द्याले तो का घड्याळ दुरुस्त करून राहिला? त्याच्या अंगातच नाही! पाय आहे का लाटणं आहे?"

"पिछले हफ्ते का गोल भूल गए?"

"आंधळ्याच्या हाती बटेर लागली!"

गजू चहा ओतता ओतता म्हणायचा, "काका, तुमाले इतका राग येते तर मॅचले येता काहून?" यावर काका चहाचा ग्लास ठेवून निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन सगळ्यांच्या आधी हजर.

मलाही काकांचा राग यायचा. कारण हा मोन्या काही परका नव्हे. गल्लीत समोरच राहतो. त्याची आई दिवसभर कामाला, म्हणून तो लहानपणी कुसुमकाकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, स्वयंपाकघरातच वाढला. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काकू गेल्या आणि काकांच्या घरी माणूस असा राहिलाच नाही. मोन्या तेवढा येता-जाता हाक मारायचा, "काका, जेवले का गा?" त्यावर आतून उत्तर, "तुले काय करायचं आहे, बयताडा? तू आपल्या बॉलकडे पाय!" मला वाटायचं, अहो, निदान बरं तरी बोला पोराशी.

माझ्याशी मात्र काका नेहमी गोड. "सर, तुम्ही मोठे हुशार." "सर, तुमच्यासारखा समजदार माणूस नाही या गल्लीत." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? शाळेत तर कोणी म्हणत नाही.

या हिवाळ्यात आमची टीम लीगच्या फायनलला गेली आणि बातमी आली, की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी देणारे दोन साहेब फायनल पाहायला येणार. मोन्या सध्या मोटरसायकलवर पार्सलं पोहोचवतो. नोकरीच्या वयाची मर्यादा संपत आलेली. ही शेवटची संधी, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. टपरीवरची चर्चा एकदम गंभीर झाली. सिराजभाई म्हणाले, "बस एक दिन चल जाए लड़का." सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "चालत नाही तो. लिहून घ्या." पण चहा तसाच टाकून गेले.

फायनलच्या दिवशी दुपारी मी त्यांना माझ्या स्कूटरवर घेऊन गेलो. काका मागे, काकांच्या मांडीवर स्टूल. खिशात काहीतरी फुगीर पुडी होती. मी विचारलं तर म्हणाले, "बडीशेप."

पहिल्या हाफमध्ये मोन्या खेळला, त्याला खेळणं म्हणायचं तर. चेंडू अडवायला गेला आणि स्वतःच घसरला. गोलसमोरून मारला तो कॉर्नरच्या झेंड्याकडे. काका इतके फिरले, की स्टूल कुरकुरायला लागलं. दोन्ही साहेब संत्री सोलून खात होते, आणि त्यांचं सगळं लक्ष संत्र्यातच होतं. हाफटाइमला गोल शून्य-शून्य. आमच्या कोचनं मोन्याला सर्वांदेखत सांगितलं, "सुरुवातीचा थोडा वेळ देतो. नाही जमलं तर बाहेर." मोन्या मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला.

मी वळून पाहिलं तर स्टूल रिकामं.

काका सापडले गजूच्या टपरीमागे. गजूची कोळशाची शेगडी फुललेली, आणि काका उजवी मूठ मोन्याच्या दिशेनं हवेत गोल गोल ओवाळत पुटपुटत होते, "आल्या-गेल्याची, शेजाऱ्या-पाजाऱ्याची, कुत्र्या-मांजराची..." मुठीतून मीठ-मोहरी गळत होती आणि लाल मिरच्यांची देठं बाहेर डोकावत होती. दृष्ट काढणं चाललं होतं! मला हसू फुटणार, तेवढ्यात शेवटचं ऐकलं, "...अन् माही. सुखदेव परातेची."

"काका, तुमची दृष्ट कशी लागेल? तुम्ही तर त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही!"

काका दचकले. मग म्हणाले, "म्हणूनच तं पायत नाही ना, सर."

मूठ तशीच धरून ते बोलत राहिले. मिरच्या त्यांच्या बहिणीनं भिवापूरहून पाठवलेल्या होत्या, हे आधी सांगितलं. मग काकूंचं निघालं. पराते मंडळी मूळची विणकर. वडिलांचा हातमाग काकांनी नोकरीतसुद्धा रविवारी-सणावारी चालवला होता. तो विकून टाकायच्या आधी त्यावरचं शेवटचं लुगडं काकांनी काकूंसाठी विणलं. काकू ते नेसून पुतण्याच्या लग्नाला गेल्या.

"जन्मात मी तिले कधी चांगलं म्हणलं नव्हतं, सर. आपल्यात पद्धतच नाही. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. म्हणलं, कुसुम, आज मोठी छान दिसून राहिली वं. अन् पायतच राहिलो. लगन लागलं, घरी आलो, अन् तिनं जे अंथरूण धरलं, ते धरलंच." काकांनी नाक पुसलं. "माही नजर वाईट आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याले चांगलं म्हणाचं नाही अन् पायाचं बी नाही. मोन्याले कुसुमनं हातानं जेवू घातलं आहे. त्याले काही झालं तं तिले काय सांगू?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तरी माणसाचा स्वभाव पाहा, मी विचारलं, "काका, आणि मला तुम्ही रोज हुशार म्हणता ते?"

"तुमचं काय बिघडते, सर?" काका अगदी निरागसपणे म्हणाले, आणि मूठ शेगडीत उघडली.

आता ज्यांच्या घरी दृष्ट काढत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या आणि ठसका लागला नाही, तर समजायचं की दृष्ट लागलेली होती. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. पण दृष्ट काढायची ती घरात, चार-पाच मिरच्यांनी. काकांनी भिवापूरच्या जहाल मिरच्या मूठभर टाकल्या, आणि वारा होता मैदानाकडे.

पुढचं काय सांगू! आधी गजू खोकला. त्याचं दूध उतू गेलं. मग ओट्यावरचे लोक खोकले, मग दोन्ही टीम. "अरे, कौन मिरची भून रहा है भाई?" सिराजभाई रुमालातून ओरडत होते. साहेबांची संत्री हातातून सुटली. रेफरीनं शिट्टी वाजवायला घेतली तर शिट्टीतूनही खोकलाच निघाला. दुसरा हाफ सुरू व्हायला उशीर झाला तो या धुरामुळे. कोणी केला ते आजवर कोणाला कळलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.

काका तर कमरेत वाकून खोकत होते. खोकता खोकता एकदम थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझा दंड धरून म्हणाले, "सर, ठसका लागला."

"लागणारच, काका! केवढ्या टाकल्या!"

"नाही सर. ठसका लागला म्हणजे नजर नव्हती. मी माह्या नावानं ओवाळलं, अन् ठसका लागला." ते माझ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे माही नजर लागतच नाही?"

मी शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतो. चांगले लाल शेरे मारतो. पण त्या वेळी मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "शास्त्राप्रमाणे तर नाहीच लागत, काका. इतक्या लोकांनी खोकून सांगितलं."

दुसऱ्या हाफला काका स्टूलवर बसले. थोड्याच वेळात चेंडू मोन्याकडे आला. सवयीनं स्टूल फिरायला लागलं, पण काकांनी पाय ओट्यावर रोवला आणि ते थांबवलं. मागचे लोक गोंधळले. "काका फिरले नाही बे! मग बॉल कोठी आहे?"

मोन्यानं चेंडू पुढे घेतला, डावा पाय उचलला आणि मारला तो नाल्यात.

सगळं मैदान हळहळलं. मी घाबरून काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "पाहा ना सर, त्या बयताडाले! न पायताही हुकते, अन् पायलं तरी हुकते!" आणि हा माणूस चक्क हसला. कोच बदली खेळाडूला उठवत होता. काकांनी स्टूलवरूनच आवाज दिला, "मोन्या! मी पाहून राहिलो गा! खेळ!"

मोन्यानं वळून पाहिलं. त्या ओट्यावर त्याला आजवर काकांची पाठच दिसली होती. बदली खेळाडू अजून जर्सीच नीट करत होता, तेवढ्यात चेंडू पुन्हा मोन्याकडे आला. मग त्यानं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसऱ्याच्या गळ्यात काही टाकलं नाही, आणि चेंडू जाळीत गेला. साहेब उभे राहिले. सिराजभाई गजूच्या गळ्यात पडले. काका मात्र बसून राहिले, दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून, पापणीसुद्धा न हलवता.

मॅच तेवढ्यावर जिंकली. साहेबांनी मोन्याला बोलावून नाव-पत्ता विचारला आणि सोमवारी कागदपत्रं घेऊन ऑफिसात यायला सांगितलं. तो घामाघूम तसाच धावत काकांकडे आला आणि नेहमीच्या शिव्यांसाठी मान खाली घालून उभा राहिला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठा छान खेळला गा, बेटा."

मोन्याचा चेहरा पांढरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, काकाची तब्येत बरी आहे ना? डॉक्टरकडे नेऊ का?"

परतताना सीताबर्डीत नेहमीसारखी गर्दी होती. आम्ही सिग्नलला थांबलो. वरून मेट्रो गेली. काका मागे स्टूल धरून बसले होते. मी म्हटलं, "मोन्याला नोकरी लागली तर बाहेरगावी जाईल, काका."

"जाऊ दे. गेला तं मले बोलवन, जाऊन खेळ पायन."

मग माझ्या पाठीशी, अगदी हळू म्हणाले, "सर, कुसुम त्या दिवशी खरंच छान दिसून राहिली होती. तिले तसं म्हणलो, ते बरं झालं. नाही तं तिले कधी समजलंच नसतं."

समोरचे लाल दिवे पाण्यात पडल्यासारखे दिसायला लागले. मागून हॉर्न वाजले. कोणीतरी शिवी दिली.

काकांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. "अबे बयताडा! सिग्नल सुटला ना! काहून थांबला?"

इतक्या वर्षांच्या शेजारात काकांनी मला पहिल्यांदाच बयताड म्हटलं. मी डोळे पुसले आणि गाडी काढली.