एक झाकण

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. शपथेवर सांगतो, पदरचा एक शब्द घातलेला नाही. (एखाद-दुसरा घातला असेल. बरं, चार धरा. पण एक जीव जाता जाता राहिला, ते खरं.)

तर आमच्या ओळखीचे एक साहेब आहेत, वजनंमापं तपासणाऱ्या खात्यातले. ते बाजारात शिरले की दुकानदारांचे तराजू आपोआप सरळ होतात. एका दूधवाल्याचं लिटर पाच मिलिलिटरने कमी भरलं, तर साहेबांनी त्याचं माप जप्त केलं आणि वर अर्धा तास ऐकवलं, "माप म्हणजे माप. तिथे अंदाज चालत नाही."

या साहेबांची आई, वय ब्याऐंशी, न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि ती घरी आली ती थेट पलंगावर. दुखू नये म्हणून गोळ्या होत्या. त्या गोळ्यांनी हाड गप्प केलं आणि पोटही. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस.

मायलेकांत या विषयाला नाव नव्हतं. साहेब दारातूनच विचारत, "झालं का ते?"

"कुठलं ते?"

"तेच ते."

"ते नाही," असं म्हणून आई भिंतीकडे तोंड करी.

सातव्या दिवशी तिने जेवणाचं ताट परत पाठवलं. "आधीचं जाऊ दे, मग वरून भरा," म्हणाली. हसण्यासारखं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा कुठे साहेबांनी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितलेलं पातळ औषध आणायला गेले.

"रोज एक झाकण," औषधवाला म्हणाला. "वर पाणी भरपूर पाजा. आणि साहेब, हे औषध हळू चालतं. दोन दिवस लागतात. झालं नाही म्हणून वाढवू नका."

"माप मला शिकवताय?" साहेब म्हणाले.

आता साहेबांच्या बायकोबद्दल. त्यांचा बाटल्यांवर विश्वास नाही. घरात जे जे बाटलीतून येतं, ते ते बरणीत जातं. हे औषध तर पाकासारखं चिकट, मुंग्या लागणारच. त्यांनी ते कॉफीच्या रिकाम्या बरणीत ओतलं, बाटली तिच्या बुचासकट कचऱ्यात टाकली आणि बरणीवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी डकवली: 'आई. रोज एक झाकण.'

संध्याकाळी साहेबांनी बरणीचं झाकण उलटं केलं, काठोकाठ भरलं आणि डोळ्यांच्या रेषेत धरून तपासलं. एक थेंब कमी नाही.

"अहो, झाकण जरा मोठं वाटतंय, नाही?"

"लेबलावर काय लिहिलंय?"

"लेबल मीच लिहिलंय."

"मग संपलं. लेबलावर असेल ते प्रमाण."

दुसऱ्या सकाळी 'ते' नव्हतं. औषधवाल्याने सांगितलेले दोन दिवस थांबणं साहेबांना काही जमेना. पलीकडच्या खोलीत आई कण्हत होती, आणि ते कण्हणं कुठल्याच काट्यावर मोजता येत नव्हतं. सकाळी एक झाकण झालं, संध्याकाळी एक. तिसऱ्या सकाळी आणखी एक.

मग 'ते' आलं, आणि थांबायचं नाव घेईना. दुपारपर्यंत चादरी संपल्या, मग टॉवेल, मग साहेबांची धोतरं. आई पहिल्यांदा म्हणाली, "पुरे रे." मग म्हणाली, "कुणीतरी थांबवा." मग काहीच म्हणेना. ओठ कोरडे पडले, डोळे आत गेले, आणि तिने सुनेला हाक मारली ती पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीच्या नावाने. साहेब धावत गाडी बघायला गेले, अनवाणी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं, मग विचारलं, "औषध किती दिलं?"

"एक झाकण."

"एका झाकणाने असं होत नाही. कशाचं झाकण?"

साहेबांनी उभ्या आयुष्यात शेकडो लोकांना असे प्रश्न विचारले होते. उत्तर द्यायची पाळी पहिलीच. बायकोने पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी झाकणात पाणी भरलं आणि ते मापाच्या पेल्यात ओतलं.

"साठ. द्यायचं होतं पंधरा. दिवसातून किती वेळा?"

"काल दोनदा."

"म्हणजे आठपट." त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट. "बाटलीबरोबर माप येतं ते टाकायचं नसतं. आणि जुलाब सुरू झाल्या झाल्या औषध बंद करून फोन करायचा. अंगातलं पाणी गेलंय, क्षार गेलेत. या वयात ते हृदयावर येतं. चोवीस तास काही सांगता येणार नाही."

बाकावर नवरा-बायको शेजारी बसली.

"चिठ्ठी मी डकवली," बायको म्हणाली.

"वाचली मी," साहेब म्हणाले. सलाईनचे थेंब मोजत राहिले साहेब. दुसरं येतं काय त्यांना?

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने डोळे उघडले. डोकं ठिकाणावर आहे का, हे बघायला डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. "आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"कुठे आहात?"

"दवाखान्यात."

"आणि हे कोण?"

आईने साहेबांकडे बघितलं. चांगलं वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाही ओळखत," म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. साहेबांनी पलंगाची दांडी धरली. जीव वाचला आणि आई गेली, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. बाईंची पाठ वळली, तशी आईने बोटाने त्यांना जवळ बोलावलं.

"ओळखते रे. पण चारचौघांत कुठल्या तोंडाने सांगू, हा माझा म्हणून?"

आता कबूल करतो. यात रचलेलं एवढंच, की ती लगेच बोलली. प्रत्यक्षात बोलली दोन दिवसांनी. ते दोन्ही दिवस साहेब तिच्या उशाशी बसून, सकाळ-संध्याकाळ, तिला आपली ओळख करून देत होते. हुद्द्यासकट.