आधी भिंत, मग दार

सासरे शेवटी भिंत कापून बाहेर आले. अर्थात असं काही घडलंच नाही. जावईबापूंचं अधिकृत म्हणणं तेच आहे, आणि आपणही तूर्त तेच धरून चालू.

तर, ज्या शनिवारी काहीही घडलं नाही, त्या शनिवारी जावईबापूंनी हॉलमध्ये जिप्सम बोर्डची भिंत घालायला घेतली. खिडकीकडचा भाग वेगळा काढून सासऱ्यांना खोली करायची होती. खोली बघून सासरे ठरवणार होते, कायमचं लेकीकडे राहायचं की मुलाकडे. लेकीचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता.

"सुताराला बोलाव," ती चौथ्यांदा म्हणाली.

"सुतार काय वेगळं करतो? पत्र्याचा सांगाडा, सांगाड्याला बोर्ड, सांध्यांना पट्टी, पट्टीवर पुट्टी. सात व्हिडिओ बघितलेत मी."

सातवा अर्धाच बघितला होता. त्यात म्हटलं होतं, दाराच्या जागेवरही खुशाल अख्खा बोर्ड ठोका, नंतर कापून काढा, कडा सरळ येते. 'नंतर' हे प्रकरण उरलेल्या अर्ध्यात होतं.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं बांधकामांची तपासणी केली होती. कुणाकडेही गेले तरी चहाच्या आधी भिंतीवर टिचकी मारायचे, आणि चहा कसा मिळेल ते त्या टिचकीवर ठरायचं. म्हणून कामावर निघताना लेकीने त्यांना दम भरला.

"बाबा, भिंत पूर्ण होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तुम्ही बोललात की हा स्क्रू वाकडे मारतो."

"अपूर्ण कामावर अभिप्राय द्यायचा नसतोच," सासरे म्हणाले. "नियम आहे."

काम सुरू झालं. "बाबा, जरा आतून दाबून धरता?" असं जावईबापू म्हणाले आणि सासरे खुर्ची, वर्तमानपत्र घेऊन आत गेले. हत्यारांची पिशवी आधीपासून आतच होती. पहिला बोर्ड बसला, दुसरा बसला. स्क्रू असे सरसर शिरत होते की जावईबापूंना आपण आजवर नोकरीत फुकट गेलो असं वाटायला लागलं. शेवटचा बोर्ड दाराच्या जागेवर आला. उरलेल्या फटीतून सासऱ्यांनी जावयाकडे बघितलं. मग पिशवीतून काढून स्वतःच्या हातात घेतलेल्या करवतीकडे. मग शांतपणे चष्मा पुसला.

"काही म्हणालात, बाबा?"

सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. फट बुजली.

पुढचे पाच तास जावईबापू पुट्टीत होते. माणूस एकदा पुट्टीत शिरला की त्याला सासरे आठवत नाहीत. त्यांनी लिंपलं, वाळवलं, घासलं, पुन्हा लिंपलं. शेवटी ते स्वतः पिठाच्या डब्यातून काढलेल्या मांजरासारखे दिसत होते आणि भिंत मात्र अशी गुळगुळीत, की कुठे काय जोडलंय ते सांगता येऊ नये. कुठे काय कापायचंय तेही.

संध्याकाळी बायको आली आणि दारातच थांबली.

"अगंबाई, किती सुरेख केलीस रे. बाबा खालून खिडकीत दिसले, हातही केला त्यांनी. चल, आत नेऊन दाखव."

जावईबापूंनी भिंतीकडे बघितलं. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

"कुठून जायचं?" बायकोने विचारलं.

"बघतोय."

बायकोने पर्स खाली ठेवली आणि भिंतीवर थाप मारली. "बाबा?"

"काम पूर्ण झालं का?" आतून आवाज आला.

"झालं, बाबा, झालं पूर्ण."

"तू नाही. त्यांना सांगू दे."

"झालं," जावईबापू पुटपुटले.

"दार नाही," सासरे म्हणाले.

जावईबापूंनी सोफ्याखाली बघितलं, पुट्टीच्या डब्यामागे बघितलं. मग ते भिंतीकडे वळले. "बाबा, करवत दिसतेय का कुठे?"

"माझ्या मांडीवर आहे. सकाळपासून."

"मग कापून बाहेर का नाही आलात?"

"तपासणाऱ्याने कामाला हात लावायचा नसतो. लेखी विनंती असेल तर गोष्ट वेगळी."

जावईबापूंनी सँडपेपरच्या पाठीवर विनंती लिहिली आणि स्विचबोर्डासाठी ठेवलेल्या भोकातून आत सरकवली. ती तारखेअभावी परत आली. तारीख घालून पुन्हा गेली. मग करवत चालली, आणि दहा मिनिटांत भिंतीला असं काटकोनी दार पडलं, की सातव्या व्हिडिओवाल्यानेही खाली मान घातली असती.

सासरे बाहेर आले. कपडे झटकले. भिंतीवर टिचकी मारली. लेक श्वास रोखून उभी होती.

"मी इथेच राहतो," ते म्हणाले. "तुझ्या भावाकडे सगळं ठीकठाक असतं. इथे माझी गरज आहे."

लेक रडली. जावईबापूंनाही गहिवरून आलं. तेवढ्यात सासऱ्यांनी मुलाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि "ऐक, सकाळी साडेनऊपासून सांगतो," अशी सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना नव्या दाराच्या कडेला चिकटवलेला, जावईबापूंच्या अक्षरातला कागद मिळाला. त्यावर तारीख होती.

'विषय: न घडलेल्या घटनेबाबत. महोदय, सदर घटना घडलेली नसल्याने ती मेहुणा, इतर नातेवाईक, शेजारी व सुतार यांना यापुढे सांगण्यात येऊ नये. ज्यांना सांगून झाली आहे, त्यांनी ती ऐकलेली नाही असे मानण्यात यावे, ही नम्र विनंती.'