दांडगे सरांचा मागचा शॉकअप

दांडगे सर नवीन माणसाला आधी वजन विचारतात. नाव, गाव, काय करता, हे सगळं नंतर.

मी पुंडलिकनगरात त्यांची वरची खोली विचारायला गेलो, तेव्हा सर अंगणात एका जुन्या जीपखाली होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांनाच नमस्कार केला आणि म्हणालो, "सर, खोली भाड्यानं आहे असं कळलं."

आतून आवाज आला, "वजन किती?"

मला वाटलं, घर जुनं असेल, स्लॅबची काळजी असेल. मी खरं वजन सांगितलं.

"कमी आहे. पण चालंल. मागं बसा."

बॅग मांडीवर घेऊन मी जीपमध्ये मागं बसलो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालो म्हणून गावात नारळ देऊन माझा सत्कार झाला होता. त्या पदवीनंतर शहरानं माझ्याकडून मागितलेलं पहिलं काम हे, की जीपच्या मागं वजन म्हणून बसावं. सर खालून सांगत होते, "उजवीकडं सरका. आता जरा हिसके द्या." मी दिले. खोली मिळाली.

सर एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आडनाव दांडगे, पण अंगानं अगदी काडी. ते स्वतः जीपमध्ये चढले तर जीपला ते कळतही नाही, हे त्यांचं मोठं दुःख. म्हणून त्यांना दुसऱ्यांची वजनं लागतात.

ही जीप कशासाठी, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, माहेरी न्यायचं आहे. काकूंचं माहेर फर्दापूरच्याही पुढं, डोंगराच्या पायथ्याला. डांबरी रस्ता सोडला की दगडगोट्यांची वाट आणि मध्ये एक नाला. तिथं काकूंचा भाऊ आहे आणि म्हातारी आई आहे. आईला ऐकू येत नाही. भाऊ फोन लावून देतो, तर ती आपली आपण बोलते आणि ठेवून देते. भेटायचं तर समोरच जायला हवं. आणि काकू कित्येक वर्षांत गेलेल्या नाहीत, कारण सरांच्या मते जीपचा मागचा शॉकअप अजून बरोबर बसलेला नाही.

तो कसा बसायला हवा, याचं चित्र सरांनी कंपाउंडच्या भिंतीवर आतून रंगवून ठेवलं आहे. दोन चाकं, मध्ये आस, आणि आसावरून तिरपे वर गेलेले दोन शॉकअप. लांबून ते दोन्ही हात वर केलेल्या एखाद्या देवासारखं दिसतं. एकदा वर्गणी मागायला आलेल्या मंडळातल्या पोरांनी चपला काढून त्याला नमस्कार केला. सरांनी ती संधी सोडली नाही. पावती बाजूला राहिली आणि चाक वर किती जातं, खाली किती लोंबतं, यावर पोरांना तास ऐकावा लागला. या वर-खाली होण्याला सर 'ट्रॅव्हल' म्हणतात. शॉकअपला दोन्हीकडं जागा शिल्लक पाहिजे. वरची जागा संपली की शॉकअप नुसता दांडका होतो आणि रस्त्याचा दणका सरळ बसणाऱ्याच्या कंबरेत जातो.

हा शब्द त्यांना सगळीकडं पुरतो. शेजारी नवरा-बायकोचं भांडण ऐकू आलं की म्हणतात, "दोघांचा ट्रॅव्हल संपलाय." माझी पहिली मुलाखत वाईट गेली, तेव्हा मी जिन्यात तोंड पाडून बसलो होतो. सर म्हणाले, "अजून लई ट्रॅव्हल आहे तुमच्यात. जेवून घ्या." आज मी एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. ती परीक्षा मी काकूंनी वर पाठवलेल्या भाकरीवर दिली, हे मी विसरलेलो नाही. म्हणून वजन म्हणून कधीही हाक आली, तरी मी जातो.

पण माझं वजन पुरत नाही. त्यामुळं गल्लीत कोणी भरलेल्या अंगाचा पाहुणा आला की सरांचा जीव वर-खाली होतो. समोरच्या घरी मुलगी पाहायला मंडळी आली होती. त्यांच्यात मुलाचे मामा होते. मामांना गाडीतून उतरताना सरांनी पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. पोहे येईपर्यंत त्यांनी मामांना गोड बोलून जीपमध्ये बसवलं होतं. पोहे तिथंच पोचले. मामा इस्तरीच्या कपड्यांत, हातात बशी घेऊन मागं बसलेले, आणि सर खालून ओरडतायत, "मामा, डावीकडं कला. शाब्बास. आता हसा जरा, स्प्रिंगचे पाटे हलू द्या." तिकडं बैठकीत मुलीच्या वडलांचा चेहरा पांढरा पडला होता. पण मामा खूश होऊन उतरले. इतक्या कौतुकानं त्यांना आजवर कोणी बसवून घेतलं नव्हतं. लग्न जमलं. पत्रिकेत आपलं नाव नव्हतं, याची रुखरुख सरांना अजून आहे.

शॉकअपचं वरचं टोक जिथं अडकतं, ते माउंटिंग सर सारखं हलवतात. हर्सूलकडं जाताना सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. दर आठवड्याला जीप तिथं. एकदा बोटभर वर, एकदा बोटभर आत. सलीमभाई शेवटी हात जोडून म्हणाले, "सर, अब चेसिस में जगा नै बची. एक बार फायनल बोल दो ना." सर म्हणाले, "फायनलच आहे. फक्त जरा तिरपं करा."

काकू हे सगळं ओट्यावर बसून बघतात. एकदा शेंगा फोडता फोडता मला म्हणाल्या, "माझ्यापेक्षा या जीपलाच जास्त माहेर आहे, बघा. दर आठवड्याला सलीमकडं जाती."

शॉकअप किती दबला हे मोजायची सरांची एक युक्ती आहे. शॉकअपच्या चकचकीत दांडीवर ते काकूंचं केसांचं रबर चढवतात, अगदी खालच्या कडेला टेकवून. शॉकअप दबला की रबर सरकतं आणि तिथंच राहतं. मग खाली जाऊन बघायचं, कुठवर सरकलं. त्यामुळं काकूंच्या वेणीला कधी सुतळी असते, कधी मी प्रयोगशाळेतून आणलेली रबरी नळी.

काकू अशीच सुतळी बांधत होत्या, तेव्हा एकदा मी त्यांना विचारलं, की हे एवढं कशाला, भाऊ मोटरसायकल घेऊन रस्त्यापर्यंत येतीलच की. तेव्हा काकूंनी माहेरच्या शेवटच्या खेपेचं सांगितलं. सरांनी तेव्हा हौसेनं लांब शॉकअप आणून बसवले होते. लांब म्हणजे आरामाचे, अशी त्यांची समजूत. माउंटिंग मात्र जुनंच ठेवलं. नाल्यातल्या दगडावर चाक वर गेलं, शॉकअपला जागाच नव्हती, आणि काकू उडून खाली आपटल्या. कित्येक दिवस अंथरुणावर होत्या. अजूनही पाय लांब करूनच बसावं लागतं आणि मोटरसायकल बंद.

"डॉक्टर म्हणाले, मणका," काकू म्हणाल्या. "हे म्हणाले, माउंटिंग. मी एका शब्दानं बोलले नाय हो. बोलले असते तर बरं झालं असतं."

यंदा भाऊबीजेला काकूंचा भाऊ ओवाळून घ्यायला आला. जेवताना सहज म्हणाला, "आई आता समोरच्या घरातल्या सुनेला तुझ्या नावानं हाक मारती. ती बिचारी ओ देती." काकूंनी त्याला आणखी एक करंजी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर जीपखाली होते. काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि मागच्या गादीवर पाय लांब करून बसल्या.

खालून आवाज आला, "कोण बसलं? वजन किती?"

"तुम्हाला माहिती आहे."

सर बाहेर आले. म्हणाले, अजून थोडं राहिलंय, सलीमकडं एकदा नेतो, मागं पोती भरून एकदा बघतो.

"मलाच भरा आणि बघा," काकू म्हणाल्या.

सर बराच वेळ पाना पुसत राहिले. मग खाली जाऊन त्यांनी दांडीवरचं रबर कडेला टेकवलं आणि मला काकूंच्या समोर बसायला सांगितलं. समतोल पाहिजे म्हणाले.

डांबरी रस्त्यावर आम्हाला बैलगाडीनं मागं टाकलं नाही, एवढंच. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. त्यात एक उसाची ट्रॉली आमच्या पुढं गेली, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, आई आहे तोवर पोचायचंय." सर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांना ऐकू आलं नसावं.

दगडांची वाट सुरू झाली आणि जीप थांबली. सर उतरले. पुढं जाऊन त्यांनी एक दगड उचलला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. परत येऊन जीप जरा पुढं घेतली, पुन्हा उतरले. मीही उतरू लागलो तर म्हणाले, "तुम्ही बसा. वजन हलवू नका."

नाल्यापाशी तर त्यांनी खड्ड्यात चपटे दगड पायरीसारखे लावले, वर वाळू पसरली, स्वतः त्याच्यावर उड्या मारून बघितल्या. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, अहो याच दगडांसाठी तर आपण इतकी वर्षं सेटिंग केलं."

"सेटिंग आहेच," सर म्हणाले. "पण दगड तरी कशाला ठेवायचा?"

काकू मागं पाय लांब करून बसल्या होत्या. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या. मग हसणं थांबलं, पण पदर तिथंच राहिला.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. म्हातारी अंगणात शेंगा वाळवत होती. काकू जाऊन तिच्यासमोर बसल्या. तिनं आधी चेहरा निरखला, मग काकूंच्या पाठीवरून कंबरेपर्यंत हात फिरवला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यांदा म्हणाली, "दुखत नाय ना गं आता?"

काकूंनी मान हलवली, नाय.

मी सरांकडं पाहिलं, तर अंगणात सर नव्हते. जीपखालून पाय दिसत होते. मी वाकून विचारलं, "सर, रबर कुठवर आलंय?"

"जिथं लावलं होतं तिथंच आहे," आतून आवाज आला. जरा वेळानं पुन्हा आला. "ट्रॅव्हल सगळा शिल्लक आहे."

आता खाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी सर बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी मागच्या सीटवर जाऊन बसून राहिलो.