मिऱ्यांचा डबा

दसरा तोंडावर असताना सोनपेठच्या ईश्वरअप्पांनी परसातला फुललेला झेंडू उपटला आणि तिथे, शेवग्याच्या बुडाशी, मिऱ्याचा वेल लावला. शिरसीच्या पाहुण्यांनी तो मुळांच्या मातीसकट दिला होता. तोरण कशाचं लावायचं, असं त्यांच्या बायकोने, चन्नबसम्माने, विचारलं. अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. डोळे मिटून ते हिरव्या मिऱ्यांचे घोस पाहत होते.

त्या दसऱ्याला दाराला नुसती आंब्याची पानं लागली. घरच्या मिऱ्यांसाठी अप्पांनी मोठा पितळी डबा मात्र घासूनपुसून रिकामा ठेवायला लावला. अप्पांच्या किराणा दुकानात लोक विद्यापीठाच्या नामांतरावर तावातावाने बोलत, अप्पा हुंकार भरत आणि मोहरी मागणाऱ्याला जिरं बांधून देत.

पुढच्या पावसाळ्यात वेल पुरुषभर चढला आणि एकाएकी पिवळा पडला. अप्पांनी माती उकरली, तर मुळांवर गाठीच गाठी. दुसरा कोणी हबकला असता. अप्पा हरखले. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी हे झाडाचं घरचं खत असतं, असं शेतकी साहेबांनी चावडीपुढे सांगितलेलं त्यांच्या पक्कं ध्यानात होतं.

"येल खत साठवायलाय," त्यांनी शेजारच्या लिंबाजीला सांगितलं, "म्हणून दमलाय." आणि मोठ्या मनाने त्याच्या वांग्यांसाठी घमेलंभर माती दिली.

काही आठवड्यांनी लिंबाजी सुकलेलं रोप घेऊन आला. चेहरा खुललेला.

"अप्पा, माझ्याबी गाठी धरल्या. आता वांगी कवा लागतील?"

नेमके शेतकी साहेब गावात आले होते. त्यांनी दोन्ही मुळं न्याहाळली. हे खत नव्हे, सूत्रकृमी, म्हणाले. डोळ्यांना न दिसणारे किडे मुळांत घर करतात. वेल काही वाचत नाही. वर्षभर अप्पा त्या वेलाच्या सावलीत मनानेच राहत होते.

"मग इलाज?" लिंबाजीने विचारलं.

"झेंडू लावा. त्याच्या मुळांपुढे ह्यांचं फारसं चालत नाही."

लिंबाजीने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी शेवग्याकडे.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून त्यांनी हलक्या आवाजात झेंडूचं बी मागितलं. चन्नबसम्माने पितळी डबा पुढे सरकवला. आत काठोकाठ वाळलेली फुलं होती.

"रिकामा डबा घरात बरा दिसंना," ती म्हणाली, "उपटलेली फुलं वाळवून भरली."

अप्पा डबा कवटाळून निघाले आणि दारात थबकले.

"तोरणाचं कायतरी इचारायलीस न्हवं तू?"

"म्हागल्या साली," चन्नबसम्मा म्हणाली.