कुपनाबाहेरचे कोट

शिंप्याचा हिशोब सरळ होता. सरकारी शाळेच्या गणवेशात त्याला काही सुटत नव्हते. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा शेंडेफळाला, असे एकच कापड घरभर फिरे. रस्त्यापलीकडच्या खासगी शाळेचा गणवेश म्हणजे मात्र अस्तराचा कोट, खिशावर बिल्ला आणि सोनेरी बटणे. सरकारने कुपनांची योजना काढली, आणि शिंप्याला प्रत्येक कुपनात एकेक कोट दिसू लागला. कुपन घ्यायचे, हवी ती शाळा निवडायची, पैसे सरकार त्या शाळेला देणार. आख्खी शाळा पलीकडे गेली तर नवे मशीन पक्के. शिवाय आपली लेक कोटात फिरणार, हा नफा वेगळाच.

त्याने गल्लीत प्रचाराला सुरुवात केली.

"अहो, इथं छत गळतं. बाई एकटी चार वर्ग सांभाळते. पोरं शिकणार काय, कपाळ?" त्याने बेकरीवाल्याला विचारले.

"आणि कोटाच्या पैशाचं?"

"तेही कुपनातच आलं असं धरा."

बेकरीवाल्याने तसे धरले आणि पावासोबत घरोघर पोचवले. घरी शिंप्याला बायको म्हणाली, "पोरीचं भलं बघताय की कापडाचं?"

"दोन्ही एका मापात बसतंय, तर तुझं काय जातंय?"

कच्च्या शिलाईचे कोट तयार झाले. आता प्रत्येकाच्या घरी जाऊन कोट अंगावर घालून बघायचे, म्हणजे पायांचे तुकडे. शिंप्याने सोपा मार्ग काढला. सगळी पोरे एका जागी सापडतात ती मधल्या सुट्टीत, म्हणून जी शाळा रिकामी करायची तिच्याच व्हरांड्यात त्याने गाठोडे सोडले. बघायला पालकही जमले.

"शिंपीदादा, माझीच मुलं न्यायची आणि मापं माझ्याच दारात घ्यायची?" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"शेवटचंच आहे हो, बाई. मग तुम्हाला आरामच आराम."

"घ्या. पण घंटा झाली की सगळी वर्गात."

घंटा जरा लवकरच झाली. शाळा ठेवायची की बंद करायची हे ठरवायला शिक्षणाधिकारी फाटकात उतरले होते. पोरे होती तशी आत पळाली. कोणाला एकच बाही, कोणाच्या पाठीवर खडूच्या रेघा. तोंडात टाचण्या धरलेला शिंपी त्यांच्यामागे खिडकीपर्यंत धावला आणि तिथेच थबकला.

"पलीकडच्या शाळेची मुलं इथं कशी?" साहेबांनी विचारले.

"आमचीच आहेत, साहेब. अजून तरी."

"बघू, एखादं गणित येतं का."

"कालचं एक अर्धं राहिलंय. तेच करू देऊ का?" बाईंनी विचारले.

फळ्यापाशी आली ती शिंप्याची लेक, एका बाहीची. ती लिहिता लिहिता सांगू लागली. "कुपनात फी येते. बस येत नाही. पुस्तकं येत नाहीत. बूट, सहल, काहीच येत नाही."

"कोणी सांगितलं?"

"आम्ही चौघी तिथल्या ऑफिसात विचारून आलो. बाई म्हणतात, ऐकीव आकडा फळ्यावर लिहायचा नाही. आता कोटाचाच राहिलाय. तिथं म्हणाले, शिंप्याला विचारा." ती खिडकीकडे वळली. "बाबा, एका कोटाचे किती?"

शिंप्याच्या तोंडात टाचण्या. नुसती मान हलवली असती तरी भागले असते. पण गिऱ्हाइकाने भाव विचारला की बोटे आपोआप वर जायची सवय जन्माची. बोटे वर गेली. मागे उभ्या पालकांनी ती मोजली.

"हेच धरायचं होतं का?" बेकरीवाला हळूच म्हणाला.

लेकीने बेरीज केली. साहेबांनी मोबाइलवर ताळा घेतला आणि मोबाइल गुपचूप खिशात ठेवला.

"आता दुसरी बाजू," ती म्हणाली, कोणी विचारले नसताना. "तेच कुपन इथं दिलं तर? इथं फी नाही. सगळ्यांचं मिळून छत होतं, वर आणखी एक बाई येते."

"इथं कसं देता येईल?"

"नियमात 'हवी ती शाळा' असं लिहिलंय, साहेब. ही सोडून, असं नाही लिहिलेलं."

साहेबांनी बाईंकडे बघितले. बाईंनी छताकडे.

"मुलगी कोणाची?"

शिंप्याने टाचण्या तळहातावर काढल्या आणि गजांतून होते तेवढे डोके आत घातले. "माझी, साहेब." मग पुढे म्हणाला, "शिकवलेली बाईंची."

साहेबांनी नियम मान्य केला, आणि संध्याकाळपर्यंत बाईंच्या टेबलावर कुपनांचा ढीग झाला. शिंपी शेवटी आला.

"तुम्हीसुद्धा, दादा?"

"मग काय, एकटीसाठी कोट शिवत बसू?"

पुढे दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तो आपल्या बुडालेल्या धंद्याची गोष्ट सांगे, दर खेपेला थोडे तिखटमीठ वाढवून. बायको म्हणे, "नुकसान सांगताना माणूस एवढा फुगतो का कुठं?"

हिशोब असा मिटला. छताचे सरकारने दिले, नव्या बाईंचा पगारही सरकारनेच. पालकांचे खिसे शाबूत राहिले. कापड, अस्तर आणि सोनेरी बटणांचा खर्च एकट्या शिंप्याच्या अंगावर पडला, आणि गल्लीतून छाती काढून चालत होता तोही तो एकटाच.