चाकातली मोटार आणि मिक्सरचे कार्बन

संदीपने भंगारवाल्याला हाक मारली तेव्हा भिमाबाई मोरीत तोंड धूत होत्या. साबण तसाच डोळ्यांत घेऊन त्या बाहेर आल्या आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेलं चाक त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढलं.

"हे सोडून काय बी ने," त्या म्हणाल्या. "न्हाईतर ह्याला ने." आणि त्यांनी पोटच्या पोराकडं बोट केलं. भंगारवाल्याने संदीपला वरपासून खालपर्यंत बघितलं, तीन पत्रे उचलले आणि निघून गेला.

ते चाक साधं नव्हतं. त्याच्या मधोमध डब्याएवढी मोटार होती. भिमाबाईंचे मालक रखमाजी यांनी पाच वर्षांपूर्वी नगरच्या एका प्रदर्शनातून विजेवर चालणारी सायकल आणली होती. अख्खं कोल्हार बघायला लोटलं. मग पोळा आला. रखमाजींनी बैलांबरोबर सायकलही प्रवरेच्या पाण्यात नेऊन घासून धुतली, आणि मोटार जी बसली ती बसलीच. पुढं कंपनी गेली, सायकल गंजली, रखमाजीही गेले. चाक तेवढं राहिलं.

भिमाबाई कोल्हारच्या स्टँडवर पेरू विकायच्या. एसटी थांबली की पाटी डोक्यावर घेऊन खिडकीखाली उभं राहायचं आणि पेरूला चीर पाडून तिखट-मीठ भरायचं. वीस वर्षं त्यांची ती जागा होती. पण तीन महिन्यांपूर्वी गुडघा गेला. तेव्हापासून संदीप त्यांना गाडीवर स्टँडला सोडायचा, आणि तोही त्याच्या सवडीने. पहिल्या दोन एसटी रोज त्यांच्याशिवाय जायच्या. एका शिकाऊ पेरूवालीने तर त्यांच्या जागेवर गोणपाट टाकून बघितलं होतं.

"आये, बास झालं आता," संदीप म्हणाला. "घरी बस. नातवंडं बघ."

"नातवंडं साळंत जात्यात. मी काय त्यांची दप्तरं बघत बसू?"

"मंग जानार कशी?"

"ह्या चाकावर."

संदीप राहुरीच्या एका वकिलाकडं टायपिस्ट होता. वकिलासारखं बोलायची त्यालाही सवय लागली होती. तो म्हणाला, "येत्या रविवारी घरापासनं स्टँडपत्तर, पायडल न मारता, कुनी ढकलल्याबिगर, आपल्या जोरावर गेली तर मी शब्द काढनार न्हाई. न्हाई गेली, तर चाक भंगारात आन तू घरात."

"कबूल," भिमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्यांतला साबण धुतला.

कुल्फीवाल्याची एक जुनी तीनचाकी गावात पडून होती. पुढं एक चाक, मागं दोन चाकांवर पेटी. पेरूला याहून चांगली गाडी कुठली मिळणार? भिमाबाईंनी ती आणि चाक दोन्ही पीरमहंमदच्या दुकानात नेऊन टाकली. पीरमहंमद विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. त्याने चाक उघडलं. आतून गंज निघाला, वाळू निघाली, एक शिंपलाही निघाला.

"भिमाक्का, तार चांगली हाय," तो म्हणाला. "घासून पुसून देतो. ब्याटऱ्या माझ्याकडं हायेत ट्रॅक्टरच्या. पन आत वीज पोचवनारे कार्बन झिजून गेलेत. दोन कार्बन लागतील. राहुरीला मिळत्यात."

भिमाबाईंनी घरी येऊन मुलाला निरोप दिला. "येताना दोन कार्बन घिऊन ये." शर्त हरायची पाळी आली तरी आईचं काम टाळणारा मुलगा तो नव्हता. संध्याकाळी त्याने आईच्या हातात निळा चपटा डबा ठेवला.

"दोन कशाला? अख्खा डबा आनला. चांगल्यातला हाय, हाताला शाई लागत न्हाई."

दुसऱ्या सकाळी मायलेक डबा घेऊन पीरमहंमदकडं गेले. त्याने झाकण उघडलं, वरचा कागद उजेडात धरला, त्यावरून बोट फिरवलं. ते निळं झालं.

"संदीपराव, ह्यानं मोटारीची नक्कल निघंल," तो म्हणाला. "मोटार न्हाई चालायची."

तोवर शनिवार उजाडला होता. राहुरीच्या दुकानाला शनिवारची सुट्टी, आणि नगरला जाऊन यायला दिवस पुरायचा नाही. भिमाबाईंनी विचारलं, "हे कार्बन आनखी कशात असत्यात?"

"बऱ्याच कशात. ड्रिल मशीन, मिक्सर—"

पीरमहंमदला पुढं बोलायचं होतं, पण भिमाबाई उठल्या होत्या. अर्ध्या तासात त्या पदराखाली काहीतरी झाकून परत आल्या. पीरमहंमदने तीन वेळा विचारलं, "सूनबाईंना इचारलंय ना?" तिन्ही वेळा भिमाबाईंना त्या बाजूच्या कानाने ऐकू आलं नाही. मिक्सरचे दोन कार्बन निघाले, कानशीने घासून मापाचे झाले आणि चाकात बसले.

दुपारी सून वृषाली ओट्यापाशी उभी राहून बटणं दाबत होती. "आत्या, मिक्सर घूं सुद्दा करंना."

"त्याला इसावा दे. पाटा धुऊन ठेवलाय."

"माझ्या माहेरचा हाय तो."

"म्हनूनच त्यातलं सामान चांगलं निघालं," भिमाबाई म्हणाल्या, आणि जीभ चावायला त्यांना उशीर झाला.

वृषालीने पाटा पुढं ओढला. त्या दिवशीच्या चटणीत मात्र मिरच्या मोजलेल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी पीरमहंमद मोटारीचं चाक पुढं बसवलेली तीनचाकी घेऊन अंगणात आला. त्याने ती पालथी घातली. सीट आणि दांडा खाली, चाकं वर. वायरी जोडून बटण दाबलं. चाक आधी कण्हलं, मग खोकलं, मग भिंगरीसारखं फिरायला लागलं. शेजारचे काकासाहेब गोवऱ्या थापत होते, ते शेणाच्या हातानेच बघायला आले. भिमाबाईंचे डोळे भरले होते. ते दिसू नये म्हणून त्यांनी खोड काढली.

"उलटं फिरतंय."

"बरोबर फिरतंय, अक्का."

"मला डोळे हायेत. वरनं माघारी चाललंय."

"सायकल पालथी हाय म्हनून तसं दिसतंय. सुलटी केली की—"

"आमच्या हिरीवरची मोटार उलटी फिरली तवा तूच म्हनला हुतास, दोन वायरी बदला, पानी येतं. आलं का न्हाई?"

"ती हिरीची गोष्ट येगळी. हिर कुनी पालथी घालत न्हाई."

काकासाहेब हसले. भिमाबाईंना ते हसणं लागलं. पीरमहंमद हात धुवायला हौदाकडं गेला, तेवढ्यात त्यांनी लाल वायर काढून काळीच्या जागी लावली आणि काळी लालच्या. चाक आता वरून पुढं फिरायला लागलं. त्यांनी मान हलवली आणि बटण बंद केलं.

तीनचाकी सुलटी झाली. पेटीत पेरू भरले. भिमाबाई पदर खोचून सीटवर बसल्या. संदीप पुढं उभा होता, हाताची घडी घालून.

"सर बाजूला. चिरडशील," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

तीनचाकी ताठ मानेने मागं निघाली. संदीप चिरडायचा वाचला, पण मागं काकासाहेबांनी रचलेला गोवऱ्यांचा उडवा वाचला नाही. पीरमहंमदने एकदा वायरींकडं बघितलं, एकदा भिमाबाईंकडं, आणि काय झालं ते त्याला कळलं. तो पुढं सरसावला.

"अक्का, एक मिनिट. वायरी—"

"वायरीला हात लावलास तर मोडून टाकीन तो हात. मला असंच जायचं हाय."

"उलटं?" संदीप म्हणाला.

"पायडल मारायचं न्हाई, कुनी ढकलायचं न्हाई. तोंड कुठं करायचं ते कवा ठरलं हुतं? हुतं का ठरलं? सांग की वकिला."

वकिलाच्या टायपिस्टाने हाताची घडी सोडली.

मग वरात निघाली. पेटी पुढं, भिमाबाई मागं, त्यांच्या तोंडासमोर संदीप. अर्धा मैल रस्ता त्यांना मुलाशी समोरासमोर बोलता आलं, आणि तीन महिन्यांचं साठलेलं सगळं त्यांनी बोलून घेतलं. वाट दाखवायला वृषाली पेटीच्या पुढं चालत होती.

"आत्या, डावीकडं."

"तुझ्या डावीकडं का माझ्या?"

"रस्त्याच्या."

"रस्त्याला कुठला हात?"

पिठाच्या गिरणीपाशी तीनचाकी गटाराच्या काठाला लागली. संदीप हात लावायला धावला. "ढकलू नको," वृषालीच ओरडली. "मिक्सर गेलाय माझा ह्याच्यात. आत्या शर्त हरल्या तर तुमच्याकडनं नवा घेईन." भिमाबाईंनी सुनेकडं वळून बघितलं. दहा वर्षांत त्या दोघींचं एवढं कधी जमलं नव्हतं.

स्टँड आलं. एसटी नुकतीच लागली होती. खिडक्यांतल्या माणसांना आधी पेरू येताना दिसले, मग पेटी, आणि सगळ्यात शेवटी पाठमोरी म्हातारी. अशी गाडी कुणी बघितली नव्हती. लोक खाली उतरले. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, मग तोही पेरू घ्यायला उतरला. गोणपाटवाली आपलं गोणपाट उचलून मुकाट झाडाखाली गेली. दुपारपर्यंत पेटीत एकच पेरू उरला.

भिमाबाई चहाला गेल्या तेव्हा पीरमहंमद पाना घेऊन तीनचाकीपाशी वाकला. लाल वायर लालच्या जागी, काळी काळीच्या. काम करून तो गुमान स्टँडजवळच्या आपल्या दुकानात जाऊन बसला. काम सरळ करायचं आणि कुणाला कमीपणा येऊ द्यायचा नाही, अशी त्याची रीत होती.

चहा पिऊन भिमाबाई सीटवर बसल्या. घराकडं पाठ करून त्यांनी तीनचाकी नीट लावून घेतली, मान मागं वळवली, वृषालीला पुढं चालायला सांगितलं आणि बटण दाबलं.

तीनचाकी सुळकन समोर निघाली. घर मागं राहिलं.

सगळं स्टँड बघत होतं. भिमाबाईंनी मान सरळ केली नाही. तशाच मागं बघत त्या एसटीला मोठा वळसा घालून आल्या. जणू एवढा वळसा त्यांना घ्यायचाच होता. मग घराचा रस्ता धरला आणि मान हळूच, पदर सारखा करता करता, पुढं आणली. पीरमहंमदच्या दुकानावरून जाताना त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. पेटीतला तो उरलेला पेरू तेवढा त्यांनी न थांबता त्याच्या टेबलावर फेकला.

संदीप पळत येऊन बरोबरीला लागला. "आये, ही सरळ कशी काय चालाया लागली?"

"मीच वायरी बदलल्या," भिमाबाई म्हणाल्या. "उद्या पाच वाजता उठून पेरू तोडायला जायचं. पयल्या एसटीला मी स्टँडवर पायजे."