नऊ नंबरला सळई पोचत नाही

"नुसतं माझं नाव ऐकून निम्मे गुन्हेगार कबुली देतात," भाऊजी गळ्यात नॅपकिन खोचत म्हणाले.

"आणि उरलेले निम्मे?" मेहुण्यानं विचारलं.

"त्यांनी माझं नाव ऐकलेलं नाही."

बत्तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचून निवृत्त झालेले भाऊजी एका सकाळी अचानक गुप्तहेर झाले. मेहुण्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. व्हिजिटिंग कार्डं त्यानं फुकट छापून दिली आणि त्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून तो सहायक झाला.

आजचं प्रकरण होतं ब्राझिलियन पद्धतीच्या हॉटेलातलं. एकदा पैसे भरले की पोट फुटेपर्यंत खायचं. वाढपी भाजलेल्या मांसाच्या लांब सळया घेऊन टेबलोटेबली फिरतात आणि थेट ताटात काप कापून घालतात. पण गेले पंधरा दिवस सगळ्यात मऊ मांसाची सळई नऊ नंबरच्या नव्या टेबलावर पोचतच नव्हती. गिऱ्हाइकं बोंबलत होती. मॅनेजरचा संशय ती सळई फिरवणाऱ्या म्हाताऱ्या काकांवर होता.

"चारपर्यंत छडा लागला नाही, तर काकांना घरी पाठवतो," मॅनेजर म्हणाला.

काका इथे बावीस वर्षं होते. त्यांच्या बोटांवर सुरीच्या पुसट खुणा होत्या. ते कसनुसं हसले, तेव्हा मेहुण्याच्या पोटात तुटलं. तसं ते रिकामंही होतं. सहायकानं उपाशी राहावं म्हणजे डोकं तल्लख चालतं, असा भाऊजींचा नियम होता. स्वतःच्या डोक्याबद्दल त्यांना तशी काळजी नव्हती. पाळत ठेवायला म्हणून तीन दिवस ते स्वयंपाकघराच्या दाराशी, एक नंबरच्या टेबलावर बसून होते.

"सुगावा लागतोय," भाऊजींनी डोळे मिटले.

"तो सुवास आहे, भाऊजी."

काका सळई घेऊन आले. भाऊजींनी पुरावा म्हणून चार काप घेतले आणि उलटतपासणी सुरू केली.

"मांस कुठे जातं?"

"लोकांच्या पोटात, साहेब."

"बघ, किती थंडपणे खोटं बोलतो!"

मग त्यांनी काकांच्या बाह्या झटकायला लावल्या. त्यातून फक्त काकांचे हात निघाले. त्यानंतर भाऊजींना टेबलांवरच्या लाल-हिरव्या चकत्या दिसल्या.

"सांकेतिक भाषा! टोळी आहे ही!"

"हिरवी म्हणजे आणखी वाढा, लाल म्हणजे पुरे," मेहुणा म्हणाला. "तुमच्यासमोरच पाटी आहे."

भाऊजींची चकती तीन दिवसांत एकदाही लाल झाली नव्हती. त्यामुळे त्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. माग काढण्यापेक्षा मागवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

साडेतीनला ताई आली. भाऊजींची बायको, मेहुण्याची सख्खी बहीण.

"अहो, पोटाच्या डॉक्टरांची वेळ चारची आहे. विसरलात ना?"

"गप्प बस. इथे एका माणसाच्या भाकरीचा प्रश्न आहे."

"आणि तुमचं ताट?"

ताईनं पाच मिनिटं शांतपणे काकांची फेरी पाहिली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. पाचपर्यंत सळई अर्धी झाली. आठला नुसतं लोखंड उरलं.

"काका, तुम्ही रोज याच टोकापासून निघता का?"

"दार इकडेच आहे ना, बाई."

"मग एकदा नऊपासून सुरुवात करा की!"

मॅनेजरनं दारापासून नऊ नंबरपर्यंतची टेबलं बोटांवर मोजली.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मेहुण्यानं काकांना विचारलं.

"कुणी विचारलंच नाही. सगळे एकच विचारत होते, मांस कुठे लपवतोस?"

काका नवी सळई घेऊन सरळ नऊ नंबरला गेले. तिथे टाळ्या पडल्या. मॅनेजरनं ओशाळून काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "उद्या वेळेवर या," एवढंच म्हणाला. काकांनी मान डोलावली. मेहुण्याला तीन दिवसांत पहिल्यांदाच हलकं वाटलं.

"माझाच सिद्धांत होता हा," भाऊजींनी जाहीर केलं. "फक्त बोललो नव्हतो."

तेवढ्यात काका फेरी पुरी करून एक नंबरला पोचले. सळईवर काही म्हणजे काही नव्हतं.

भाऊजी ताडकन उठले. "चोर परत आला!"

"चला," ताईनं त्यांची चकती उलटून लाल केली. "त्याला डॉक्टरांकडेच नेऊ."